मोठे बाबा दीपगृह चढले तेव्हा

मोठे बाबा गेल्याचा चुलतभावाचा फोन आला, तेव्हा मी पुण्याच्या प्रयोगशाळेत एका उपकरणाची मापे तपासत होते. त्यांचा हृदयविकार जुना होता, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी समोरचा एकच आकडा मी तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा वेगळा लिहिला. हिंगणघाटला पोहोचले, तर मोठ्या आईने मला एवढेच विचारले, "डॉक्टरनं जिने चढू नका म्हटलं होतं ना? मंग तू त्यायले काऊन चढू देलं?" त्याला आता पाच आठवडे झाले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची पत्नी. सारे आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, म्हणून डिसेंबरात मी त्यांना कोकणात नेले. अट एकच: दीपगृह खालूनच पाहायचे. काळ्या दगडाचे ते इंग्रजांच्या काळातले दीपगृह कड्याच्या टोकावर उभे होते. तिन्ही बाजूंना पाणी, मागे लाल पायवाट आणि सुरूची झाडे. वर कित्येक मणांचे काचेचे भिंग असून ते पाऱ्यावर तरंगत फिरते, असे रखवालदारांनी सांगितले मात्र, मोठे बाबा जिन्याकडे निघाले. मी पायऱ्या, उंची, त्यांच्या हृदयाची क्षमता असा सगळा हिशेब मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. "तुहं गणित बरोबर हाय, बाई. मी एकेका पायरीले विचारून जातो. नाई म्हणली तं वापस येतो."

एकाही पायरीने नाही म्हटले नाही. प्रत्येक वळणावर बसत, मला नाडी मोजू देत, ते वर पोहोचले. काचेच्या खोलीत दुपारचे ऊन भिंगाच्या कडांवर फुटून आमच्या कपड्यांवर रंग सांडत होते. रखवालदारांनी भिंग फिरवून पाहायला सांगितले. मोठ्या बाबांनी जिनिंगमधले अडकलेले चाक हलवण्याचा पवित्रा घेतला: पाय रोवले, खांदा लावला, जोर केला. भिंग इतके सहज सरकले की त्यांचा तोल जाऊन ते माझ्या अंगावर आले. रखवालदार हसले. "काका, एका बोटाचं काम आहे ते."

मग त्यांनी एक बोट लावले... आणि माणसाहून उंच असे ते यंत्र आवाज न करता फिरू लागले. उत्प्लावक बल मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे. ते पाहिले मात्र त्या क्षणी. मोठ्या बाबांनी सवयीने कान जवळ नेला. ऐकू येण्यासारखे काही नव्हते. "जिंदगीभर मी ग्रीसच लावत राह्यलो," ते पुटपुटले. नंतर कुठे त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "हे पाणी नाई वाटत. आभायच आडवं पडलं."

मागच्या आठवड्यात मी पुन्हा हिंगणघाटला गेले. त्यांच्या अवजारांच्या खोलीत पाण्याने भरलेला जस्ताचा टब होता. त्यात परात तरंगत होती आणि परातीत पान्हे, नट, जुनी बेअरिंगे. कोकणातून परतल्यावर, घरी येईल त्याला ते ही परात फिरवायला लावत, असे चुलतभावाने मला कळवले होते. तो नागपूरला असतो. घरात आता मोठी आई एकटीच. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात उघडे पाणी किती झपाट्याने उडते, हे मला ठाऊक आहे. टब काठोकाठ भरलेला होता. शेजारी तांब्या पालथा घातलेला होता, अजून ओला.