खालाच्या वहीतला शेरा

आष्ट्याची सबीना अत्तार कुणाच्या बापाला भीत नाही, असं गावात बोललं जाई. वडील गेल्यावर तिने पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट बनवून घर चालवलं. तीच सबीना त्या शुक्रवारी, जुम्याच्या दुपारी, एका फोनने घाबरली.

काम अख्तरबी खालाचं होतं. खाला आष्ट्यापासून पाचगणीपर्यंतची लग्नं जुळवायची. तिच्या वहीत प्रत्येक नावाखाली एक शेरा असे: आजार, डाग, मोडलेली मंगनी. तो ती कुणाला वाचू देत नसे. दोन्ही घरांनी एकमेकांकडे चहा घेतला, की मगच तोंडाने सांगे. म्हणून तर आयाबाया तिच्याजवळ पोटातलं बोलत.

आता तिला ही स्थळं घरोघरी मोबाइलवर दिसतील असं पान हवं होतं. सबीनाने ती वही, स्वतःच्या नावासकट, कॉम्प्युटरच्या फायलीत उतरवली. आता पान बनवायला दोन वाटा होत्या. एक सीएसएस, सजावटीची भाषा. फाइल आहे तशी पाठवायची, रंग द्यायचे आणि शेऱ्यावर पडदा टाकायचा. दुसरी एक्सएसएलटी, रूपांतराची भाषा. फायलीतलं हवं तेवढंच उचलून घरीच नवं पान करायचं, म्हणजे शेरा बाहेर जातच नाही. पहिलीला अर्धा तास, दुसरीला तीन दिवस, आणि ती तिला धड येतही नव्हती. त्यात खालाचा धोशा, "अगं, लोकं वाट बघत्यात. कवा हुणार?"

सबीनाने पडदा टाकला आणि लिंक सगळ्या घरांना पाठवली.

तासाभरात पाचगणीहून समीनाचा फोन आला. दोघी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. समीना तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात कामाला होती आणि रविवारी तिला बघायला माणसं येणार होती.

"सबीना, हितं रेंज लय बारीक हाय. पानाला रंगबिंग काय आला न्हाई, नुस्त्या ओळी आल्यात."

सबीनाला लगेच कळलं. सजावटीची फाइल वेगळी जाते. ती पोचलीच नव्हती, आणि पडदा तिच्यातच होता. पान उघडंच गेलं होतं.

"माझी पाठ भाजलेली ते बी लिवलंय गं. त्या लोकांनी बघितलं म्हंजे?"

सबीनाने पान काढून टाकलं. एक्केचाळीस जणांनी ते उघडलं होतं. कुणाकडे रंग पोचले, कुणाकडे नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

"काढलं बघ," ती म्हणाली.

समीनाने तिच्याकडे उघडलेल्या ओळी परत वरून खाली वाचल्या. मग हळूच म्हणाली, "समद्यांच्या नावाखाली शेरा हाय. तुझ्याच खाली न्हाई. तुला फिट येत्यात, ते खालानं लिवलं नव्हतं व्हय?"

खालाने लिहिलं होतं. फाइल तयार झाल्याबरोबर सबीनाने सगळ्यात आधी ती ओळ खोडून टाकली होती. पडदा नंतर टाकला होता, बाकीच्यांवर.

"सबीना, ऐकतीयास न्हवं?"