कुंपणावरची मोरपंखी साडी

"काढ ती साडी. मनी मायनी शे ती, काढ!"

आमच्या फाटकात उभी राहून आमची सौ. आईच्या साडीसाठी ओरडत होती. तिचं माहेर भडगावचं. राग आला की ती थेट माहेरच्या बोलीत शिरते. समोर भांडेवाली – जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देते ती. तिनं डोक्यावरची टोपली उतरवली, डबे एकेक करून ओट्यावर मांडले, रिकामी टोपली उलटी करून दाखवली. म्हणाली, "माले नही दिनी ताई कोनी साडी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी तुळशीला पाणी घालत होतो. सकाळी घालून झालेलं होतं, तरी घालत होतो.

ही गोष्ट मी या हिवाळ्यापर्यंत सरळ कधीच सांगितलेली नव्हती. वाकडी मात्र – किती वेळा सांगितली, त्याचा हिशेब नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगतो.

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. सातपुड्याच्या पायथ्याशी गावातला शेवटचा प्लॉट घेतला, घर बांधलं, मागं परसबाग केली – गिलकी, वांगी, मेथी, शेपू. पहिल्याच हिवाळ्यात हरणांना पत्ता लागला. हरीण गरीब असं ज्याला वाटतं, त्यानं त्याला दुसऱ्याची मेथी खाताना पाहिलेलं नाही. डबे वाजवले, फटाके लावले. बुजगावण्याला माझा खाकी युनिफॉर्म घातला, तर दोन हरणं त्याच्या पायाशी तिकीट मागायला बसल्यासारखी बसली. एक तर शेवग्याच्या शेंड्यावरून उडी मारून आलं आणि उतरता उतरता दोन शेंगा – बरं, शेंगा नाहीत. शेवगाही नाही. कमरेएवढं कुंपण होतं, त्यावरून आलं. हे असं होतं बघा. जीभ आपोआप उंच उडते.

मग कुणीतरी सांगितलं, नाना, कुंपणाला जुन्या साड्या बांधा. पलीकडचं दिसलं नाही की हरीण उडी घेत नाही. आमच्याकडे शेताशेताला बांधतात तशा. सौ. तेव्हा आठ दिवस माहेरी गेलेली. मी कपाटावरचं गाठोडं काढलं. सहा साड्या विटलेल्या, फाटलेल्या. सातवी त्यांच्यात नव्हतीच – ती कपाटात होती, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली. मोरपंखी, रेशमी. तिच्या आईची. आई गेल्यावर भावांनी शेत वाटून घेतलं, हिनं एवढी एक साडी मागून आणली होती.

मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल का? नाही येणार. माहीत होतं. पण सहा बांधूनही मागची बाजू उघडी राहत होती, अंधार पडत आला होता, आणि मी म्हटलं – चार दिवसांचा प्रश्न आहे. ती यायच्या आत घडी घालून ठेवू. कोणाला कळतंय?

चार दिवस काय थाट होता! परसबाग नव्हे, लग्नाचा मांडवच. एकही हरीण आत आलं नाही. त्याच दिवसांत भांडेवाली येऊन गेली. माझ्या दोन जुन्या पँटी घेतल्या, एक झारा दिला. साडीचा विषयच निघाला नाही. पाचव्या दिवशी तांबडं फुटताना उठून पाहतो तर सहा साड्या जशाच्या तशा, आणि मोरपंखी मधोमध उभी फाटलेली, काठ चिखलात तुडवलेला. दुपारच्या गाडीनं सौ. यायची होती.

मी काय केलं? खताच्या खड्ड्यात पुरली. वर शेण टाकलं, पालापाचोळा टाकला. हरणानं खाल्लेल्या मेथीसाठी गावभर बोंब मारणारा मी – साडी पुरताना माझ्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही.

पुढं पंधरा दिवसांनी हिनं कपाट आवरायला काढलं. साडी नाही. मला विचारलं. आणि मी म्हणालो – विचार न करता, बस सुटताना घंटी मारावी तसं – "भांडेवाली आली होती ना. मी आत पाणी प्यायला गेलो तेव्हा घातला असेल हात."

आता एक गोष्ट सांगा. या गावात माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवतं? मी म्हटलं तापीला पूर आलाय, तर लोक म्हणतात नाना, घोटाभर की गुडघाभर? दहा गोष्टींतल्या नऊ माझ्या खोट्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ही दहावी सगळ्यांनी एका दमात खरी मानली. कोणी हसलं नाही, कोणी विचारलं नाही. का? – माझ्यामुळे नाही. तिच्यामुळे. ती डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी बाई होती, एवढं पुरलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत तिला कोणी दार उघडलं नाही. दोनदा आली, मग यायची थांबली.

इथं थांबलो असतो तर मी एका साडीचा आणि एका खोट्याचा धनी राहिलो असतो. पण मी थांबणारा माणूस आहे का? हिवाळ्यात भरीत पार्टी, वांगी भाजताना गप्पा, आणि कोणीतरी म्हणणारच – नाना, ती साडीचोराची सांगा. मी सांगायचो. रिकामी टोपली उलटी केली होती ना तिनं? मग मी गोष्टीत त्या टोपलीला दुहेरी तळ लावला. आत चोरकप्पा. पुढच्या वर्षी कप्प्यात एक चांदीची वाटीही घातली. लोक पोट धरून हसायचे. ही पण हसायची – आईच्या साडीचं दुःख विसरून. मला वाटायचं, बघा, मी किती हलकं केलं तिचं मन.

अशी पंधरा वर्षं गेली. या हिवाळ्यात शेजारच्या नव्या सुनेनं मला मधेच अडवलं. तिचं माहेर चाळीसगावचं. म्हणाली, "नाना, हे आमच्याकडे मी लहानपणापासून ऐकलंय. एक भांडेवाली आहे, तिच्या टोपलीला चोरकप्पा आहे. आई तिला ओट्यावर चढू देत नाही."

वांगं जळलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सौ.ला सगळं सांगितलं. ती शेपू निवडत होती. खड्ड्यापर्यंत शांत ऐकलं. मग म्हणाली, "आणि चोरकप्पा?"

"तो तर मुळातच खोटा," मी म्हणालो.

तिनं शेपूची जुडी बाजूला सारली. म्हणाली एवढंच – "मले कायले सांगता? तिले सांगा."

त्या दिवसापासून ती गल्लीत घरोघर जाऊन खरं सांगते आहे. माझ्या तोंडून कोणी खरं मानलं नसतं. तिच्या तोंडून मानतात.

मी चाळीसगावला गेलो. बाजारात शोधली, सापडली. आता टोपली नाही, फडकं अंथरून बसते. केस पांढरे झालेत. दोन बायका कढई ठोकून बघत होत्या, त्यांच्यासमोरच सांगितलं. उभ्याउभ्या. हरणं, कुंपण, खड्डा, माझं खोटं, चोरकप्पा – एकही उंच उडी न घालता. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जेवढी होती तेवढीच सांगितली, आणि देवाशपथ, छातीवरून भरलेली एसटी उतरल्यासारखं वाटलं. अजूनही वाटतंय.

तिनं डब्याचं झाकण बसवलं. म्हणाली, "तुमना कुंपनले देखेल व्हती मी ती साडी. पँटी लिन्या त्याच दिनले."