उरलेल्या गोळ्या

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात मी शेळी घेऊन बसले होते आणि शेजारी तो नांदूरघाटाकडचा मेंढपाळ होता. त्याच्या राखणीच्या कुत्र्याच्या अंगावर पू भरलेल्या जखमा होत्या. कुत्रं खाजवायला लागलं की तो त्याचा पाय हळूच धरून ठेवायचा.

डॉक्टर म्हणाले, "पू तपासून आला. नेहमीच्या औषधांना हे जंतू आता दाद देत नाहीत. आधी काय दिलं होतं?"

"घरातल्या उरलेल्या गोळ्या, सायेब. भाकरीत घालून. जरा बरं दिसलं की बंद करायचो."

"माणसाच्या गोळ्या कुत्र्याला? त्याही अर्धवट?"

बाकावरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "आता त्याचं आधारकार्ड बी काढा, बाबा."

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं. "तुमी कुणीच न्हाई का देत?"

जो तो आपापल्या जनावराकडे पाहू लागला. मीही शेळीची दोरी सारखी करू लागले. मुलाला फोड आला होता तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या माझ्या पिशवीतच होत्या. फार वेळ लागला तर शेळीला त्याच देणार होते.

डॉक्टर म्हणाले, "एकच औषध राहिलंय. लागू पडलं तर वाचेल. जखमेला हात लागला की साबणाने धुवा."

त्याने हात धुतले आणि कुत्र्याला घोंगडीत गुंडाळून उचललं. जाताना माझ्यापाशी थांबला. "पोरी, तू तरी असं करू नगंस. लई जीव लावलाय गं ह्याला."

आमच्या घरी असलं काही नसतंच, अशी मी मान हलवली आणि पिशवी पायाने बाकाखाली सरकवली.