धाकटा वाढव

राव सर हार्ड डिस्क कानाने तपासायचे. कॉफीचा रिकामा स्टीलचा टंबलर मशीनच्या पत्र्यावर उपडा ठेवायचा, बुडाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "तिसरा थोरला खोकूलाय." स्क्रीनवर सगळं हिरवंगार असायचं. आठवड्याभरात नेमकी तीच डिस्क कुरकुरायला लागायची, आणि सोलापूरहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलेल्या माझ्यासारख्या शहाणीला तोंड लपवायला जागा उरायची नाही.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमची छोटी संस्था होती. इथल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आम्ही रेकॉर्ड करायचो, कारण नातवंडांना ते समजतं पण बोलता येत नाही. हे आवाज तीन मशीनमध्ये विभागून ठेवलेले असत आणि ती सगळी मांडणी सरांची. संथ, जाडजूड हार्ड डिस्क म्हणजे 'थोरले', चपळ एसएसडी म्हणजे 'धाकटे'. आवाज थोरल्यांवर, पण कुठला आवाज कुठे आहे याची यादी धाकट्यावर. एका मशीनमधल्या सहा थोरल्यांची यादी एकटा धाकटा सांभाळायचा. "थोरला आजारी पडला की कण्हतो," सर मला सांगत, इथल्या चालीने 'मा' म्हणून. "धाकटा काही सांगत नाही मा. त्याच्यावर ध्यान ठेव."

अशुभ शब्द त्यांना खपत नसत. मी एकदा "ही डिस्क मेली" म्हणाले, तर त्यांनी मला चूळ भरायला बाहेर पाठवलं. माझी आजीही तशीच होती, म्हणून मला हसू आलं. घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाला देवनागरी वाचता येत नव्हती. ते मराठी लिहायचे ते तमिळ लिपीत, आणि ती मला येत नव्हती. त्यामुळे आमचा सारा कारभार तोंडी.

त्या आवाजांत त्यांच्या आईचा आवाज होता. डांगर पछडी कशी करायची ते सांगता सांगता ती मध्येच मुलावर ओरडते, "नीट बस रे!" आई गेल्यापासून सर रोज दुपारी डबा उघडण्याआधी तेवढंच ऐकायचे. "फोनवर घेऊन ठेवा की," मी म्हणायचे. "फोन हरवतो. इथं दोन प्रती आहेत," ते म्हणायचे. तिसऱ्या प्रतीला जागा नव्हती. दोन पुरतील, हा निर्णय त्यांचाच.

आईच्या वर्षश्राद्धाला ते ओरत्तनाडूला भावाकडे गेले होते. एक मशीन त्यातलं सगळं पुसलं जाऊन दुरुस्तीला चेन्नईला गेलं होतं, म्हणजे त्या आठवड्यात अनेक आवाजांची एकच प्रत उरली होती. सकाळी त्यांचा फोन आला. मागे मंत्र चालले होते. "निघायच्या घाईत सांगायचं राहिलं, दुसऱ्या मशीनचा धाकटा दमलाय. आजच वाढव मा. सरि?"

मी सरि, म्हणजे बरं, म्हणाले. दमला म्हणजे जागा अपुरी पडतेय, असं मी धरून चालले. त्याच्यावरची यादीची जागा वाढवली. वर, नुकत्याच आलेल्या दोन नव्या थोरल्यांची यादीही उत्साहाने त्याच्याच गळ्यात बांधली. कपाटात नवा कोरा धाकटा पडून होता, तिकडे मी पाहिलंही नाही. दुपारी तीनला जुना धाकटा गप्प झाला. त्याच्यामागचे सगळे थोरले धडधाकट होते, फक्त त्यांच्यावर काय कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना.

सर दुसऱ्या दिवशी आले. मी काय केलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वाढव म्हणजे काढून ठेव मा. बांगडी वाढवतात, दिवा वाढवतात. तुमच्या देशात म्हणत नाहीत?"

"म्हणतात," मी म्हणाले. "आजी म्हणायची." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी टंबलर पत्र्यावर ठेवला आणि बराच वेळ कान लावून बसले. "सगळे फिरूलायत. आई आतच आहे. कुठं आहे तेवढं ठाऊक नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोनच प्रती ठेवल्या तो मी. तू रडू नको."

बाहेरच्या तज्ज्ञांनीही हात टेकले. सरांनी ते सहा थोरले आपल्या जुन्या वेष्टीत, धोतरात, गुंडाळून कपाटात ठेवले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. दुपारी डबा उघडण्याआधी ते आता नुसतेच बसायचे. सहा महिन्यांनी, एका सकाळी कॉफी पिता पिता, त्यांचं हृदय थांबलं. आधी कसलीही तक्रार नव्हती.

दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मामी, म्हणजे सरांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात हिरव्या बांगड्या, त्या दिवशी उतरवायच्या. असल्या चालींचा मला संताप आहे. आज मध्ये पडायचंच, असं ठरवून गेले होते. तेवढ्यात सरांची म्हातारी आत्या त्यांच्यापाशी बसली, त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाली, "आता वाढव मा."

या वेळी मला अर्थ लगेच कळला. मी मध्ये पडले नाही.