एक निवृत्त शिक्षक

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि माझ्यावर विश्वास ठेवायचं तुम्हाला काही कारणही नाही. तेच बरं.

वर्तमानपत्र हातात आलं की मी आधी वाचकांची पत्रं काढतो. 'एक त्रस्त नागरिक', 'एक गृहिणी' अशी सही दिसली की मला वास येतो. ही गृहिणी कुठे बसून लिहिते? हिला पगार कोण देतं? घरचे म्हणतात, तुम्हाला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. दिसतं खरं. असली पत्रं मी स्वतः लिहिलेली आहेत.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी रत्नागिरीत एका रासायनिक कंपनीचा जनसंपर्क अधिकारी होतो. कंपनीला सांडपाण्याचा पाइप खाडीत सोडायचा होता — आमच्याच गावच्या खाडीत. पूर्णगडच्या अलीकडचं आमचं गाव, निम्मं मासेमारीवर जगणारं. जनसुनावणी जाहीर झाली होती आणि गावाच्या हरकतीचा अर्ज लिहीत होते गुरुजी.

गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी शाळेच्या पडवीत बसून लोकांचे अर्ज लिहायचे. रेशनकार्डाचे, मीटरचे, होडीच्या परवान्याचे. त्यांची एक पद्धत होती. अर्ज लिहून झाला की तो दोनदा मोठ्याने वाचायचा, मग चष्मा काढून विचारायचं, "काही बदलायचंय?" समोरचा नाही म्हणाला की मगच सही, नाहीतर अंगठा. ज्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, ते त्या दोन वाचनांच्या भरवशावर अंगठा उठवायचे.

मी पत्र लिहिलं. पाइपने खाडीला काही होत नाही, गावच्या पोरांना नोकऱ्या लागतील, हरकत घेणाऱ्यांना कोणीतरी भडकवलंय — असं सगळं. खाली सही, 'एक निवृत्त शिक्षक', आणि गावाचं नाव. एका स्थानिक दैनिकात ते छापून आलं. साहेबांनी पाठ थोपटली.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. का गेलो? तेव्हा कोणी विचारलं असतं तर आईला भेटायला, असं म्हणालो असतो. पडवीत गुरुजी हरकतीचा अर्ज घेऊन बसले होते, भोवती पंधरावीस माणसं. दोनदा वाचून झालं. काही बदलायचंय का, तेही विचारून झालं. पुढे एका होडीचा म्हातारा तांडेल होता. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, रागावू नका हां. कागद जरा भाच्याकडना वाचून घेतो, मंग आंगठा देतो."

"घे हो," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या संध्याकाळी कोणीच सही केली नाही. मी मागे खांबाला टेकून उभा होतो.

चार दिवसांनी ते माझ्या ऑफिसात आले. एसटीने, उन्हातून. पाणी प्यायले. खिशातून पेपरचं कात्रण काढलं आणि ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. एकदा. मग पुन्हा एकदा. चष्मा काढला.

"काही बदलायचंय?"

मी नाही म्हणालो.

"बरं," म्हणाले, कात्रण घडी घालून खिशात ठेवलं आणि परतीची गाडी पकडायला निघून गेले. त्यांना माहीत होतं का? की आयुष्यभराची सवय म्हणून तोंडून निघून गेलं? मी किती तऱ्हांनी हे उलगडून बघितलं. सवय असेल, असं मनाला समजावतो — पण ते विचारायचे ते सही करणाऱ्याला, मग मला का विचारलं?

जनसुनावणीला गावाचा अर्ज पोचलाच नाही. खाडीत पाइप टाकला गेला. दोन-तीन वर्षांत खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, संपल्या, ओहोटीला टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका घरी बसल्या. गुरुजींनी पडवीत बसणं सोडलं. ते गेले तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी मुंबईत होतो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगून टाकतो.

नंतर मी कॉलेजच्या मुलांना जनसंपर्क शिकवू लागलो. पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचो — आपण कोणाच्या वतीने बोलतोय, ते लपवायचं नाही. मुलं उतरवून घ्यायची. एखादी मुलगी जरा रोखून बघायची, की मला वाटायचं, हिला कळलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो निष्काळजीपणा होता. नाव टाळलं ते कोणाला त्रास नको म्हणून. खोटं आहे. पहिल्या मसुद्यात मी एक बनावट नाव घातलं होतं. ते मीच खोडलं. साहेबांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. पण बनावट नावाने अर्ज अडला नसता. आमच्या गावात निवृत्त शिक्षक एकच होते, आणि त्यांच्या शब्दावर लोक अंगठा देतात, हे त्या कंपनीत फक्त मला माहीत होतं.