भरतीला वाजणारी भिंत

फरहाचं काम तिच्या घरच्यांना कधी नीट कळलंच नाही. मेट्रोत आहे म्हटलं की नातेवाईक विचारत, गाडी चालवतेस का? गाडी यायला अजून अवकाश होता. पनवेलहून कामोठ्याकडे जाणाऱ्या नव्या मार्गाचे खांब खाडीच्या कडेकडेने नुकते कुठे उभे राहत होते, आणि खांबाच्या आधी फरहा पोचायची. उद्यापासून गल्ली बंद, पाणी उशिरा येईल, मशीनचा दणका बसेल, म्हाताऱ्यांना त्रास झाला तर मला फोन करा, हे दारोदार जाऊन सांगायचं. लोक शिव्या देत, त्या ऐकून घ्यायच्या. "तुला शिव्या खायचा पगार मिळतो," असं तिची आई झुबेदा म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

पण ऐकणं तिला जमायचं. वडील कुवेतला असताना आठवड्यातून एकदा फोन येई आणि अर्धा खरखरीत वाहून जाई. त्या खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायची सवय तिला तेव्हापासून लागली होती.

कोळीवाड्याच्या शेवटच्या आळीत दमयंती राहायची. साठी ओलांडलेली, काटक, बाजारात कोळंबी आणि चिंबोऱ्या विकणारी. घरात ती एकटीच. नवरा धर्मराज ऐन तरुणपणी होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडी उलव्याच्या बाजूला चिखलात उपडी सापडली, माणूस सापडला नाही. खाडीचा एक फाटा तेव्हा तिच्या मागल्या दाराशी यायचा. पुढे तो भराव टाकून बुजवला, वर रस्ता झाला, आणि आता रस्त्याच्या मधोमध मेट्रोचा खांब येणार होता.

खांबाच्या पायासाठी जमिनीत खोल भोक पाडणारं पायलिंगचं मशीन जवळ आलं तसा दमयंतीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. फरहा साइट इंजिनिअर शैलेशला घेऊन गेली. शैलेश कामात चोख, बोलायला मऊ. त्याने तड्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवली.

"मावशी, ही काच फुटली तर तडा हलतोय असं समजायचं. लगेच फरहाला कळवा."

काच दुसऱ्याच दिवशी फुटली. नवी लावली, तीही फुटली. एवढ्यात गणपती आले, मजूर गावी गेले, मशीन ताडपत्रीखाली उभं राहिलं. आळीत आरत्यांखेरीज आवाज नव्हता. काच तरीही फुटली.

फरहा बघायला गेली तेव्हा दुपार कलत होती. दमयंती पाटावर बसून भिंतीला कान लावून होती. केस तेल लावून विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. आधीच्या खेपांना हे कपाळ मोकळं होतं, हे फरहाला आठवलं.

"ये फरा," दमयंती म्हणाली. तिच्या तोंडात फरहातला ह बसतच नसे. "बस, पन बोलू नको. भरती लागलीय."

आधी वास आला. खाडीच्या ओल्या चिखलाचा वास, बंद खोलीत, रस्त्यापासून इतक्या आत. मग भिंत गार पडत गेली. फरहाच्या डोळ्यांदेखत तडा हळूहळू उघडला, झोपलेल्या माणसाचं तोंड उघडतं तसा, आणि काच टिक करून फुटली. त्यानंतर खोल खालून ठोका आला. लाकडावर लाकूड आपटल्याचा बसका आवाज. दोन ठोके, मग जरा थांबून एक.

दमयंती हसली. "माझा दादला आयलाय."

"मावशी, पाणी असेल खाली."

"पानीच तर हाय. पान्यातनंच येनार ना तो? होडी फाट्यात शिरली का तो वल्ह्यानं फळीवर ठोकायचा. दोन, मंग एक. मी पाटी घेऊन मागल्या दारी जायाची. फाटा बुजवला तवापासून त्याला वाटच नवती. तुमच्या मशीननं भोक पाडलं, वाट झाली."

फरहाने भिंतीला कान लावला. ठोक्यांमागे पाण्याची सळसळ होती, आणि सळसळीमागे आणखी काही. पुरुषमाणूस दाराशी येऊन, आत बायका आहेत म्हणून नुसता खाकरतो, तसं. तिने कान काढून घेतला. त्या दिवशी घरी गेल्यावर आईने दोनदा विचारलं, तोंड का उतरलंय. फरहाने उन्हाचं निमित्त सांगितलं.

शैलेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "घाबरू नकोस. भरावाखाली जुना फाटा अजून पोकळ असणार. आपण भोक पाडलं, खाडीचं पाणी आत शिरायला लागलं. भरतीला घर फुगतं, ओहोटीला बसतं. जुनी होडी किंवा ओंडका अडकला असेल, तो आपटतो." मग म्हणाला, "पण भिंत पडेल. बारीक भोकं पाडून सिमेंटचं पातळ पाणी आत दाबावं लागेल. पोकळी भरली की सगळं बंद. मालकिणीची संमती तेवढी आण."

संमती काही मिळेना. दमयंती चहा द्यायची, ताजी कोळंबी बांधून द्यायची, आणि नाही म्हणायची.

"इतक्या वर्सांनी मानूस घरी आयलाय, आनि तू सांगतेस दार चिनून घ्या?"

फरहा भिंतीपलीकडे बोट दाखवायची. तिकडे रमाचं घर होतं, भिंत दोघींची एकच, आणि रमाची लहान मुलं त्याच भिंतीशी झोपायची. दमयंती तेवढ्यात चहाचं आधण ठेवायला उठायची.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पुनवेला मोठं उधाण आलं. भर माध्यान्ही भिंतीचा गिलावा रमाच्या बाजूने ढासळला. मुलं शाळेत होती म्हणून निभावलं. फरहा धावत गेली तेव्हा दमयंती रमाच्या घरात, मुलांच्या मातीने भरलेल्या अंथरुणाकडे बघत उभी होती.

"भरून घ्या," ती म्हणाली. "पन ओहोटीला भरा. तो भायेर असतानी. आत आसला आनि कोंडला तर?"

शैलेश हसला नाही. वेळापत्रक ओहोटीचं लावतो म्हणाला, आणि त्याने शब्द पाळला. दिवेलागणीच्या आत पंप थांबला. भिंत कोरडी झाली, नवी काच लागली. पुढची भरती आली आणि गेली. काच शाबूत राहिली. दमयंती पाटावर बसून होती, पण भिंत मुकी झाली होती. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन बाजारात गेली. कुंकू मात्र पुसलं नाही.

फरहाला वाटलं, झालं.

पितृपंधरवडा सरत आला तेव्हा मनिषाचा फोन आला. मनिषा त्याच आळीच्या तोंडाशी भाड्याने राहायला आलेली, नवं लग्न झालेली मुलगी. तिला ना धर्मराज माहीत, ना दमयंतीची भिंत.

"मॅडम, ओट्याखालून कुणीतरी ठोकतंय. रोज ठोकतं, पण वेळ पुढे पुढे जाते. उंदीर असता तर एवढं मोजून ठोकलं असतं का?"

"कसं ठोकतं?" फरहाने विचारलं.

"दोन वेळा. मग एकदा."

शैलेश म्हणाला, एक वाट बुजली, पाणी दुसरी शोधणारच. त्याने मनिषाच्या घराखाली तपासायची तयारी सुरू केली. ती होईपर्यंत शेजारच्या घरात आवाज सुरू झाला होता, आणि मनिषाकडे बंद पडला होता. मग त्याच्या पुढच्या घरात. तिथल्या म्हातारीने सांगितलं, ठोकून झालं की कुणीतरी खाकरतं आणि वाट बघतं.

फरहा आळीत उभी राहून घरं बघत राहिली. पाणी शोधेल तर उताराने शोधेल. हे एकेका दाराशी जात होतं. ठोकायचं, थांबायचं, कोणी बाहेर येत नाही म्हटल्यावर पुढच्या दाराशी जायचं. आळी पार बदलली होती. मागली दारं बुजली होती, पुढे मेट्रोच्या कुंपणाचे पत्रे उभे होते. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाला आपलं घर ओळखू येईना.

इंजिनिअरला हे सांगता येण्यासारखं नव्हतं. ती दमयंतीकडे गेली.

दमयंतीने सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा मोडला. "बिचारा," ती म्हणाली. "दारोदार फिरतोय." तिने कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं. "उद्या सर्वपित्री. एवढी वर्सं मी त्याचं पान ठेवलं नाय. लोकांनी कुंकू पुसायला लावलं, पन मेला असं मी मनात आनलं नवतं. उद्या ठेवते. तू मला त्या घरी ने."

दुसऱ्या दिवशी भरती दुपारी होती. ज्या घरात ठोके येत होते तिथे त्या दोघी गेल्या. दमयंतीचं कपाळ धुतलेलं होतं. ऊन रणरणत होतं, बाहेर मशीन घरघरत होतं, आणि आतल्या फरशीतून गारवा पायांत चढत होता. चिखलाचा वास आला. ठोके आले. दोन, मग एक.

दमयंती गुडघ्यांवर बसली आणि फरशीला तोंड लावून, नवऱ्याशी घरात बोलावं तितक्याच आवाजात बोलली.

"ऐकतोस? हे आपलं घर नवं. आपलं दार मीच बुजवलं. रमीची पोरं भिंतीशी निजत व्हती. रागावू नको." तिने तळहात फरशीवर टेकवला. "तू आता लोकांना तरास देऊ नको. जा माघारी. मीच येईन."

खालची सळसळ थांबली. बाहेरचं मशीन चालूच होतं, तरी फरहाला काही ऐकू येईनासं झालं. मग दोन ठोके आले. तिसऱ्याची वाट बघत त्या दोघी बसून राहिल्या. भरती ओसरली, फरशी कोमट झाली. तिसरा आला नाही.

त्यानंतर आळीतून तक्रार आली नाही. शैलेशने घरांखाली तपासलं, माती घट्ट निघाली. खांब उभा राहिला, त्यावर तुळया चढल्या. दमयंती अजून बाजारात बसते. मीच येईन म्हणजे कधी, हे फरहाने तिला विचारलेलं नाही. मात्र उधाणाच्या दिवशी बाजारात तिची जागा रिकामी दिसली की फरहा वाट वाकडी करून कोळीवाड्यावरून घरी जाते.

आता तिचं काम उलव्याच्या बाजूला आहे. तिथे ती दारोदार जाऊन भिंतींना भेगा आहेत का, आजारी कोण आहे, रिक्षा कुठवर यायला हवी, हे विचारते. आणि शेवटी, कुणी सांगितलेलं नसताना, आणखी एक विचारते.

"घरातलं कुणी परत यायचं राहिलंय का?"

लोक हसतात. कुणी दुबईचा मुलगा सांगतो, कुणी न्हावा शेव्याला रात्रपाळीला गेलेला नवरा. परवा भामा नावाची एक बाई मात्र हसली नाही. हातातलं तांदळाचं सूप तिने खाली ठेवलं आणि दाराबाहेर, खारफुटीकडे जाणाऱ्या पायवाटेकडे बघत राहिली.

"हाय एक," ती म्हणाली.

फरहा उठली, बाहेर आली, आणि मेट्रोच्या कुंपणाचे पत्रे ठोकणाऱ्या माणसांना म्हणाली, या पायवाटेवर लावू नका, इथे माणूस जाईल एवढी जागा सोडा.