मूळ कागद नाहीत

आमच्या कोर्टाचा वार्षिक अहवाल मन लावून वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच असतील, आणि त्यातली एक मी आहे. किती प्रकरणं निकाली निघाली, कुठल्या दालनात नवे स्क्रीन बसले, घरबसल्या दावा दाखल करायची सोय कशी चालली आहे, हे सगळं त्यात गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं. शेवटून दुसऱ्या पानावर रेकॉर्ड रूमचा एक लहानसा परिच्छेद असतो. तो मी लिहिते. मुदत संपलेल्या किती फायली स्कॅन करून नष्ट केल्या, याचा आकडा त्यात असतो. तो दरवर्षी आधीच्यापेक्षा मोठा असावा ही माझी हौस होती. साहेब एकदा बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, कामाचा वेग या बाईंकडून शिका. त्या दिवशी मी मल्लेश्वरमपर्यंत मेट्रोत उभ्याने गेले आणि पाय दुखले नाहीत.

वेग कसा यायचा, ते सांगते. फाइल नष्ट करायच्या आधी ती पान न पान उघडून पाहायची, असा नियम आहे. लोक पुरावा म्हणून आपले मूळ कागद देतात आणि निकाल लागला की न्यायला विसरतात. खरेदीखत, लग्नाचा फोटो, शाळेचा दाखला, काहीही निघतं. ते बाजूला काढायचं, त्या माणसाला पत्र धाडायचं, आणि मग यादीच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा. डिसेंबरात अहवालाची घाई सुरू झाली की मी बारीक फायली नुसत्या अंगठ्याने चाळायची आणि लिहून टाकायची, 'मूळ कागद नाहीत'. इतक्या वर्षांत हाताला कळतं, अशी माझी समजूत होती.

याच्या अगदी उलट आमचे अण्णा. ते रेकॉर्ड कीपर, माझे वरिष्ठ, इथल्याच शिवाजीनगरातल्या जुन्या मराठी घरातले. मराठी बोलतात, पण मोजतात कन्नडमध्ये आणि रागावतातही कन्नडमध्येच. रागावलेलं मी त्यांना दोनदाच पाहिलं. फाइल उघडली की अण्णा ती नातेवाइकाचं पत्र आल्यासारखी वाचत बसायचे. मध्येच मान वर करून सांगायचे, "या दोघा भावांची भिंत अजून उभी हाय बघ. मी परवाच तिकडून आलो." मी हात जोडायची. म्हणायची, "अण्णा, भिंत राहू दे, साहेब आकडा मागतायत." ते "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचे आणि पुढचं पान उलटायचे. माझे दहा गठ्ठे व्हायचे तेव्हा त्यांचे दोन व्हायचे. मला त्यांची कीव यायची, हे आता लिहिताना लाज वाटते.

गेल्या जानेवारीत एक बाई आमच्या खिडकीशी आली. चाळिशीच्या आतबाहेरची, हातात प्लास्टिकची पिशवी. मी फोनवर घरी मराठीत बोलत होते ते ऐकून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "अक्का, स्वल्प बघा की. माझं दहावीचं मार्क्स कार्ड हितं राहिलंय."

लहानपणी बसच्या धक्क्याने तिचा हात मोडला होता. त्या खटल्यात वय दाखवायला म्हणून वडिलांनी तिचं मूळ मार्क्स कार्ड दिलं होतं. वडील गेले, कार्ड राहिलं, आणि आजवर झेरॉक्सवर भागलं. आता तिची अंगणवाडीत कायमची निवड झाली होती. सोमवारी मूळ कागद दाखवायचे होते. दुसरी प्रत मिळते, पण तिला दीड-दोन महिने लागतात आणि तोवर जागा पुढच्या नावाला जाणार होती. तो शुक्रवार होता.

मी यादी काढली. नंबर सापडला. समोर माझंच अक्षर, 'मूळ कागद नाहीत', खाली माझी सही. तो गठ्ठा आठच दिवसांपूर्वी गाडीतून लगद्याला गेला होता.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. यादी तिच्यापुढे फिरवून 'तुम्ही मूळ कागद दिलाच नव्हता' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सरकारी शिक्क्याखाली तसं लिहिलेलंच होतं. वर ती स्वतःच म्हणाली, "माझाच विसर असंल अक्का. घरीच कुठं ठेवलं असंल. पण मी सगळं घर उपसलं." तिने असं म्हटल्यावर माझ्याने ते वाक्य बोलवेना. मी तिला बाकावर बसायला सांगितलं आणि आत गेले.

अण्णा डबा उघडून चित्रान्न खात होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फाइल उघडली नव्हती, शेरा खोटा होता, कार्ड गेलं, त्या बाईची नोकरी जाणार, आणि हे माझ्यामुळे. त्यांनी ऐकून घेतलं, हात धुतले, कपाट उघडलं आणि एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. वर फाइलचा नंबर होता. आत मार्क्स कार्ड होतं, घडीवर थोडं विरलेलं.

"पत्र घातलं होतं मी," ते म्हणाले. "परत आलं. पत्ता बदललाय तिचा."

म्हणजे माझ्या यादीतल्या फायली अण्णा माझ्यामागून पुन्हा उघडून पाहत होते. यादीवर खाडाखोड केली असती तर साहेबांनी मला उभं केलं असतं, म्हणून त्यांनी यादीला हात लावला नव्हता.

बाईने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि पदराने पुसलं. मग हळूच विचारलं, "मार्क बघितले काय तुम्ही?" मी नाही म्हटलं. गणितात ती जेमतेम सुटली होती. जाताना ती मला वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा मी तिला धरून अण्णांकडे वळवलं.

ती गेल्यावर मी अण्णांना विचारलं, "कधीपासून बघताय माझ्या फायली?"

"दोन वर्षं झाली. एका दुपारी तू एवढा गठ्ठा संपवलास, तेव्हा मला शंका आली."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"आधीच्या कशाला बघू? तुझी सही असायची की त्यावर."

त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं आणि राहिलेला डबा पुढे ओढला. मी तिथेच बसले. त्या आधीच्या वर्षांतही लोक खिडकीशी आले होते. मी त्यांच्यापुढे यादी फिरवून सांगितलं होतं की तुम्ही मूळ कागद दिलाच नव्हता. माझाच विसर असेल, असं म्हणून ते निघून गेले होते.